स्टॉपवॉच दिसत होतं तेव्हा

मोबाइलवर एखादा फॉर्म भरताना तुम्ही काहीतरी टाइप करता. थांबता. खोडता. दुसरं काहीतरी लिहिता. मग 'नंतर बघू' म्हणून पानच बंद करता. सबमिट दाबलेलं नाही, म्हणजे कुणाला काही कळलं नाही, असं आपण धरून चालतो. कागदी फॉर्मच्या काळात ते खरंही होतं. चुरगाळून टोपलीत टाकलेला कागद खिडकीपलीकडच्या कारकुनाला कधी दिसत नसे.

बऱ्याच वेबसाइट्सवर आता तसं राहिलेलं नाही. तिथे पानाच्या पोटात एक छोटी स्क्रिप्ट चालू असते. तुमचं बोट कुठे टेकलं, पान किती वेगाने सरकवलं, कुठे रेंगाळलात, काय लिहिलंत आणि काय खोडलंत हे ती टिपत राहते. नंतर कुणीतरी लॅपटॉपवर तुमची ती भेट सिनेमासारखी चालवून बघतं. याला सेशन रेकॉर्डिंग म्हणतात. हेतू साधा सांगितला जातो: लोक कुठे अडतात ते कळावं आणि साइट वापरायला सोपी व्हावी.

मी पुण्यात वेबसाइट आणि ॲपच्या डिझाइनचं काम करतो. अशी रेकॉर्डिंग्ज बघणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यातून साइट सुधारते हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. पण माणसाला नकळत बघायचं, तेही त्याच्याच भल्यासाठी, ही कल्पना आली कुठून, हा प्रश्न पडला आणि मी मागे मागे जात राहिलो. ही गोष्ट इंटरनेटपेक्षा बरीच जुनी निघाली. ती वाचताना मी दोन प्रश्न सोबत ठेवले. कुणीतरी बघतंय हे समोरच्याला माहीत होतं का? आणि बघून झाल्यावर बदलायला कोणाला लावलं, माणसाला की वस्तूला?

घड्याळवाला माणूस

अमेरिकेत बॉस्टनजवळ वॉटरटाउन इथे लष्कराचा शस्त्रास्त्रांचा कारखाना होता. फ्रेडरिक टेलरची 'शास्त्रीय व्यवस्थापन' ही पद्धत तेव्हा गाजत होती. कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजायचा, आणि त्यावरून एका माणसाने दिवसात किती काम करावं हे ठरवायचं. हे मोजायचं हत्यार म्हणजे स्टॉपवॉच.

ऑगस्ट 1911 मध्ये हे स्टॉपवॉच वॉटरटाउनच्या फाउंड्रीत पोचलं. एका मोल्डरने घड्याळासमोर काम करायला नकार दिला. त्याला कामावरून काढलं. त्याबरोबर बाकीचे मोल्डर काम टाकून बाहेर पडले. संप जेमतेम आठवडाभर चालला, पण प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं. चौकशी समिती नेमली गेली, 1912 साली खुद्द टेलरची साक्ष झाली. पुढे 1915 मध्ये लष्कराच्या खर्चाच्या विधेयकात अशा कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला बंदी घालणारी अट आली. ती 1949 पर्यंत टिकली.

मुंबईच्या गिरण्यांमध्येही हा वारा पोचला. 1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला जो मोठा संप झाला, त्याच्या कारणांमध्ये 'एफिशियन्सी'च्या योजना होत्या. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, अशी त्यांची तऱ्हा. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. कार्यक्षमता हा शब्द लालबाग-परळच्या चाळींत पहिल्यांदा पोचला तो असा, धमकी म्हणून.

वॉटरटाउनची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. घड्याळ दिसत होतं. ते धरणारा माणूस शेजारी उभा होता. त्यामुळे 'माझ्यासमोर हे नको' असं त्याच्या तोंडावर म्हणता आलं. जी गोष्ट दिसते तिच्याविरुद्ध उभं राहता येतं.

बोटांना बांधलेले दिवे

त्याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपं वेगळ्या वाटेने चाललं होतं. फ्रँकने 1885 साली गवंडीकामापासून सुरुवात केली. वीट लावताना प्रत्येक गवंडी वेगवेगळ्या हालचाली करतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा फुकट असतात, हे त्याच्या लक्षात आलं. खाली वाकून वीट उचलण्यात गवंड्याचं अर्धं बळ जातं. फ्रँकने वरखाली करता येणारी पराची केली, विटा आणि चुना गवंड्याच्या हाताशी येईल अशा उंचीवर ठेवले. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचावर आल्या.

पुढे दोघांनी सिनेमाचा कॅमेरा कारखान्यात नेला. चौकटीत एक खास घड्याळ ठेवायचं आणि काम करणाऱ्या हातांचं चित्रीकरण करायचं. 1912 च्या सुमाराचं हे काम. त्यांची आणखी एक युक्ती होती. कामगाराच्या बोटांना छोटे विजेचे दिवे बांधायचे आणि कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. फोटोत माणूस पुसट होतो आणि हाताच्या वाटा प्रकाशाच्या रेषा होऊन उरतात. आज वेबसाइटवर लोकांची बोटं कुठे फिरली याचे जे रंगीत नकाशे आम्ही बघतो, ते मला या फोटोंचे पणतू वाटतात.

लिलियन मानसशास्त्राची डॉक्टर होती. 1924 मध्ये फ्रँक वारला तेव्हा तिच्या पदरात अकरा मुलं होती. तिने हीच दृष्टी स्वयंपाकघरात नेली: ओट्याची उंची किती असावी, स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती पावलं चालावं लागतं. टेलर विचारी, हा माणूस आणखी वेगाने कसा चालेल? गिलब्रेथ विचारत, ही वीट इतकी खाली का ठेवलीय? कारखानदारांनी दोघांचाही उपयोग कामगाराकडून जास्त काम काढायलाच केला, हे खरं. पण वस्तूकडे बोट दाखवायची सवय इथून लागली.

चूक कुणाची?

ती सवय पक्की केली दुसऱ्या महायुद्धाने. अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर उतरल्यानंतर पोटावर बसत होती. उतरल्यावर वैमानिकाने पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत, पण तो चाकं आत घेई. कारण नोंदवलं जाई 'वैमानिकाची चूक'. अल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. फ्लॅपचं आणि चाकांचं बटण एकमेकांना लागून होतं, आणि दोन्ही दिसायला, हाताला सारखीच. दमलेल्या माणसाने चुकायलाच हवं अशी ती रचना होती. उपाय स्वस्त निघाला: चाकांच्या बटणाला छोटं रबरी चाक जोडायचं, फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला फरक कळावा. विमानांत आजही चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी असते.

1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या चुकांचे 460 प्रसंग गोळा करून तपासले. त्याच त्या चुका वेगवेगळी माणसं करत होती. म्हणजे दोष माणसात शोधून भागणार नव्हतं. माझ्या धंद्याचा सगळा नैतिक आधार या एका वाक्यात आहे असं मी मानतो. तुम्हाला ॲप वापरता येत नसेल तर तुम्ही अडाणी नाही, ॲप वाईट आहे. आपल्या घरात मोबाइलवरून आईवडिलांना हसण्यापूर्वी हे एकदा आठवावं.

फूटभर वायर

युद्धानंतर ही शिस्त घराघरात शिरली. बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन नावाचा मानसशास्त्रज्ञ 1945 साली दाखल झाला. 1963 मध्ये बाजारात आलेल्या बटणांच्या टेलिफोनवर आकडे कसे मांडायचे, बटणं केवढी ठेवायची, हे त्याच्या गटाने लोकांवर प्रयोग करून ठरवलं. तुमच्या मोबाइलच्या डायलपॅडवर 1 वरच्या ओळीत असतो, तो तिथूनच आलेला.

कार्लिनची एक गोष्ट नेहमी गमतीने सांगितली जाते. टेलिफोनची वायर किती लांब हवी, हा प्रश्न होता. वायर म्हणजे तांबं, तांबं म्हणजे पैसा. कार्लिनने सहकाऱ्यांच्या टेबलावरच्या वायरी गुपचूप, दर थोड्या दिवसांनी इंच इंच कमी करवल्या. फूटभर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. 

गोष्ट निरुपद्रवी आहे, सहकारी हसले असतील. पण इथे काहीतरी बदललेलं दिसतं. सांगितलं तर लोक वेगळं वागतील, म्हणून सांगायचं नाही, हे शहाणपण इथे आहे. त्याला शास्त्रीय आधारही आहे. कुणी बघतंय हे कळलं की माणूस सावरून बसतोच. आपणही ट्रॅफिक पोलिस दिसला की हेल्मेट नीट करतो. न सांगता बघण्याच्या बाजूने जो युक्तिवाद मी आज मीटिंगमध्ये ऐकतो, तो हाच.

हिरवं बटण

या इतिहासातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन ही मानवशास्त्रज्ञ काम करत होती. कंपनीचं नवं फोटोकॉपी मशीन लोकांना जमत नाही अशा तक्रारी होत्या. तिने मशीन आणलं, व्हिडिओ कॅमेरा लावला आणि केंद्रातल्याच लोकांना दोघादोघांनी मशीनवर काम करायला सांगितलं. दोघं का, तर दोघं असली की बोलतात, आणि बोलण्यातून गोंधळ ऐकू येतो. गाजलेल्या एका चित्रफितीत दोन शास्त्रज्ञ कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढण्यासाठी झगडताना दिसतात. त्यातला एक होता ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी एक. अशा माणसाला झेरॉक्स काढता येईना!

सचमनचं पुस्तक 1987 मध्ये आलं. तिने मशीनला काय दिसत होतं आणि माणसं काय करत होती, हे शेजारी शेजारी मांडलं. मशीनला फक्त बटण दाबल्याचं, झाकण उघडल्याचं कळत होतं. माणसांची कुजबुज, 'आता हे काय?' असा चेहरा, चुकीचा अंदाज, यातलं काही मशीनपर्यंत पोचत नव्हतं. त्या अरुंद फटीतून मशीन त्यांच्याबद्दल अंदाज बांधत होतं आणि चुकत होतं.

त्याच काळात संगणक कंपन्यांनी वापर-चाचणीच्या खोल्या उभारल्या. एकीकडून आरसा, दुसरीकडून काच. आत बसलेला माणूस सांगितलेलं काम करतो आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत जातो. आयबीएमच्या क्लेटन लुइसने 1982 साली ही बोलत काम करण्याची रीत संगणकाच्या जगात आणली. सहभागी माणसाला आधी सगळं समजावून सांगायचं, संमतीपत्रावर सही घ्यायची, वेळेचा मोबदला द्यायचा आणि 'परीक्षा तुमची नाही, मशीनची आहे' हे आवर्जून म्हणायचं, अशी रीत पडली. काच होती, पण तिच्यामागे कोण आहे हे माहीत होतं. जेकब नील्सनने तर 2000 साली म्हटलं, पाच माणसांबरोबर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी कळतात.

काचेमागून स्क्रिप्टकडे

पण पाच माणसं शोधायची, बोलवायची, समजावायची याला वेळ लागतो. 2006 मध्ये इस्राएलमध्ये क्लिकटेल नावाची कंपनी निघाली. साइटमध्ये एक ओळ टाका, येणाऱ्यांच्या भेटी घरबसल्या बघा, अशी तिची सेवा होती. पाठोपाठ डेन्मार्कमधली माउसफ्लो, माल्टातली हॉटजार, अमेरिकेतली फुलस्टोरी. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लॅरिटी हे साधन सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. मग छोट्या दुकानाच्या साइटलाही ते परवडू लागलं.

हे रेकॉर्डिंग म्हणजे खरा व्हिडिओ नसतो. स्क्रिप्ट आधी पानाच्या रचनेची एक प्रत घेते आणि मग होणारा प्रत्येक बदल वेळेसकट नोंदवते: इथे बोट टेकलं, इथे हे अक्षर आलं, इथे पान सरकलं. नाटकाचं चित्रीकरण न करता संहिता आणि रंगसूचना लिहून ठेवाव्यात आणि त्यावरून प्रयोग पुन्हा उभा करावा, तसं. म्हणून ते स्वस्त पडतं आणि फोनला जड जात नाही. म्हणूनच तुम्हाला जाणवतही नाही.

त्याचा उपयोग होतो का? होतो. एका साइटवर लोक नोंदणी अर्धवट सोडत होते. सर्वेक्षणात कुणी धड कारण सांगत नव्हतं. रेकॉर्डिंग्ज बघितली आणि दहा मिनिटांत कळलं. छोट्या स्क्रीनच्या फोनवर कीबोर्ड वर आला की चुकीची सूचना देणारी लाल ओळ त्याच्याखाली झाकली जात होती. लोक एकच बटण सहासात वेळा रागाने दाबत होते. आमच्या धंद्यात याला 'रेज क्लिक' म्हणतात. आम्ही ती ओळ वर घेतली. दुसऱ्या आठवड्यात लोक सरळ पुढे जाऊ लागले. चपॅनिसच्या रबरी चाकाचा हा लहानसा वंशज.

दुसरा अनुभवही सांगतो. कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर 'कर्ज कशासाठी?' असा रकाना होता. अशा रकान्यांतला मजकूर ठिपक्यांनी झाकायची सोय साधनात असते. तिथे ती कंपनीने लावलेली नव्हती. एका रेकॉर्डिंगमध्ये अक्षरं उमटत गेली: 'आईच्या ऑपरेशनसाठी'. कर्सर थोडा वेळ लुकलुकत राहिला. मग एकेक अक्षर मागे गेलं. तिथे आलं 'घरदुरुस्ती', आणि फॉर्म पुढे गेला. मी रेकॉर्डिंग तिथेच बंद केलं आणि तो रकाना झाकायला लावला. त्या माणसाने सावकाराला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवलं होतं. आपण सावकाराशी बोलतोय असं त्याला वाटत होतं. ठरवण्याआधीचा त्याचा विचारही कुणी वाचतंय, हे त्याला कुठून कळणार? आणि त्याने ते का खोडलं, हे मलाही कळलं नाही. इथे माझी जागा सचमनच्या फोटोकॉपी मशीनची होती. बटणं दिसत होती, माणूस दिसत नव्हता.

खोडलेलं कुठे जातं?

खोडलेल्या शब्दांवर अभ्यास झालेले आहेत. 2013 मध्ये फेसबुकशी संबंधित दोन संशोधकांनी 39 लाख वापरकर्त्यांच्या 17 दिवसांच्या नोंदी पाहिल्या. त्यातल्या 71 टक्के लोकांनी निदान एकदा काहीतरी लिहून न पाठवता सोडून दिलं होतं. काय लिहिलं ते त्यांनी साठवलं नाही, लिहिलं एवढंच नोंदवलं. तरीही लोक दचकले.

नोव्हेंबर 2017 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या तिघांनी, स्टीव्हन एंगलहार्ट, गुनेश अजार आणि आपल्या आयआयटी मद्रासमधून शिकलेले अरविंद नारायणन यांनी, सेशन रेकॉर्डिंगची तपासणी प्रसिद्ध केली. जगातल्या आघाडीच्या 50,000 साइट्सपैकी निदान 482 साइट्सवर अशी रेकॉर्डिंग करणाऱ्या कंपन्यांच्या स्क्रिप्ट्स सापडल्या. औषधांची नावं, कार्डाचे तपशील, काही ठिकाणी पासवर्डसुद्धा बाहेरच्या कंपनीकडे जात होते. 2022 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात एक लाख साइट्स तपासल्या. युरोपातून उघडल्यावर 1,844 आणि अमेरिकेतून उघडल्यावर 2,950 साइट्सवर, सबमिट दाबण्याआधीच ईमेल पत्ता तिसऱ्याच कंपन्यांकडे जात होता. 52 साइट्सवर रेकॉर्डिंगच्या स्क्रिप्ट्स पासवर्डही उचलत होत्या. तेही कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नसताना.

फेब्रुवारी 2019 मध्ये काही आयफोन ॲप्स न सांगता स्क्रीन टिपतात अशी बातमी फुटली. ॲपलने दुसऱ्याच दिवशी ॲपवाल्यांना तंबी दिली: लोकांची स्पष्ट संमती घ्या आणि रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण दाखवा, नाहीतर कोड काढा.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात एक कलम आपल्या कामाचं आहे: संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. ती सूचना कळेल अशा मराठीत लिहिली गेली तर तिचा उपयोग.

रेकॉर्डिंग बंदच करा, असं मी म्हणणार नाही. कीबोर्डखाली गेलेली लाल ओळ मला दुसऱ्या कशाने दिसली नसती. पण या शंभर वर्षांत बघणारा एकेक पाऊल मागे सरकत गेलाय. आधी तो शेजारी उभा होता, मग कॅमेऱ्यामागे गेला, मग काचेमागे, आणि आता तो दिसतच नाही. त्याला थोडं पुढे आणता येईल. लिहिण्याचा प्रत्येक रकाना आधीपासूनच झाकलेला असावा, उघडायचा तर कारण द्यावं. रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जावं. पानावर एक खूण असावी आणि 'नको' म्हणायचं बटण 'चालेल'च्या शेजारी, तेवढंच मोठं असावं. शिवाय अधूनमधून पाच माणसांना समोर बसवावं, चहा द्यावा आणि विचारावं, काय अडलं? खोडलेलं त्यांना सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगतील.

वॉटरटाउनच्या मोल्डरांकडे ना ॲप होतं, ना डेटाचा कायदा. समोर घड्याळ होतं आणि 'नाही' म्हणायची जागा होती. एवढं तरी तुमच्या-माझ्या फोनवर असायला हवं.